‘आम्ही’ आणि ‘आपण’ : मुसलमान सुधारकांची मराठी व तिचा वाचक

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची सर्वनामे दोन आहेत. ‘आम्ही’ म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्यास वगळतो. ‘आपण’ म्हणताना त्यास सामावून घेतो. संस्कृतात हा भेद नाही. प्रमाण हिंदीत व उर्दूतही तो नाही. द्राविडी कुळातील तेलुगू व तमिळ या भाषांत तो स्पष्ट आहे, आणि तेथूनच, दीर्घ सहवासाने, तो मराठीत रुजला असावा असे भाषाभ्यासक सामान्यतः मानतात. व्याकरणाच्या पुस्तकात या भेदास दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. परंतु एखाद्या समाजातील सुधारक स्वसमाजाविषयी परभाषिकांच्या किंवा परधर्मीयांच्या सभेत बोलू लागला, म्हणजे या दोन शब्दांतून कोणता निवडावा हा प्रश्न व्याकरणापुरता उरत नाही.

नागपूरच्या पश्चिमेस, काटोलच्या वाटेवर असलेले कळमेश्वर हे संत्र्याच्या व कापसाच्या मुलखातील तालुक्याचे गाव. १९५६ पर्यंत हा सारा भाग हिंदी व मराठी अशा द्विभाषी मध्य प्रदेशात होता. त्याच्या खुणा येथील बाजाराच्या बोलीत अजून सापडतात. नागपुरी मराठी आणि हिंदी यांची येथे अशी सरमिसळ आहे की, एका वाक्यातील नाम एका भाषेचे तर क्रियापद दुसरीचे असावे, याचे कोणास नवल वाटत नाही. या हिंदीत ‘हम’ आहेच, पण त्याच्या जोडीस ‘अपन’ही आहे, आणि ते नेमके मराठी ‘आपण’चे काम करते. ते मराठीच्याच संगतीने आले असे ठामपणे म्हणता येत नाही. गुजरातीत व राजस्थानी बोलींतही हा भेद आहे आणि मध्य भारतातील हिंदीत ‘अपन’ दूरवर पसरलेले आहे. ते काहीही असो. घरी उर्दूच्या वळणाची हिंदी बोलणारा मुसलमान दुकानदार आपल्या हिंदू गिऱ्हाइकाशी बोलताना ‘अपन’ म्हणतो, आणि तसे म्हणताना आपण काही उदात्त करीत आहो असे त्याच्या स्वप्नातही येत नाही. बाजारात जे इतके सहज घडते ते छापील मराठीत, सुशिक्षितांच्या सभेत व वाङ्मयसमीक्षेत इतके अवघड का व्हावे, हा येथील विचाराचा विषय आहे.

‘आपण’ या शब्दाचा आणखी एक अर्थ या संदर्भात विसरून चालणार नाही. तो आदरार्थी द्वितीयपुरुषीही आहे : ‘आपण कोठून आलात?’ हा प्रश्न पाहुण्यास विचारावयाचा असतो, घरच्या माणसास नव्हे. मराठी सुशिक्षित समाजाने आपल्यातील मुसलमान लेखकांस व सुधारकांस बहुधा ‘आपण’च म्हटले आहे, पण ते या दुसऱ्या अर्थाने.

याचा पहिला पुरावा म्हणजे त्यांस दिली जाणारी विशेषणे. ‘मवाळ’ व ‘जहाल’ ही जोडी मराठीत राजकीय अर्थाने रूढ झाली ती टिळक-गोखले यांच्या काळात. १९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर तर ती घरोघरी पोहोचली. मवाळांसच ‘नेमस्त’ असेही म्हणत. या दोन्ही पक्षांचे ध्येय स्थूलमानाने एक होते. भेद होता तो मार्गाचा व वेगाचा, आणि दोघांचाही रोख परकीय सत्तेकडे होता. ‘मवाळ मुसलमान’ या शब्दप्रयोगात मात्र हे विशेषण मार्गास लागत नाही, ते मुसलमानपणासच लागते. जणू मुसलमान असणे ही तिखटासारखी कमीअधिक प्रमाणात असणारी गोष्ट आहे, आणि ती ज्याच्या ठायी कमी तो बरा! आगरकरांस कोणी ‘मवाळ हिंदू’ म्हटले नाही. त्यांच्यासाठी ‘सुधारक’ हा शब्द होता, आणि १८८८ मध्ये त्यांनी तेच नाव आपल्या पत्रास दिले. स्वातंत्र्यपूर्व काळात काँग्रेसच्या बाजूस असलेल्या मुसलमानांस ‘राष्ट्रीय मुसलमान’ म्हणत. त्या विशेषणातही इतर सर्व मुसलमान राष्ट्रीय नाहीत असे न बोलता बोललेले होते. ‘सहिष्णुता’ या शब्दाचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. त्याच्या मुळाशी ‘सह्’ हा धातू आहे, आणि सहन करावे लागते ते आवडत नसलेलेच. ज्यास सहन केले जाते तो ‘आपण’मध्ये कसा यावा?

जुन्या मराठीची स्थिती या बाबतीत अधिक मोकळी होती असे दिसते. तेथे गोड बोलणे कमी होते एवढेच. एकनाथांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’त तुर्क दखनीच्या वळणाने बोलतो आणि हिंदू मराठीत उत्तर देतो, कोणीच आपली भाषा सोडत नाही, व कोणास दुभाष्याची गरज पडत नाही. दोघेही एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ टवाळी करतात. एकाने मूर्तीवर बोट ठेवावे, दुसऱ्याने देव सर्वत्र असता एकाच दिशेस तोंड का करता असे विचारावे, असा तो झगडा आहे. समेट होतो तो हे सर्व बोलून झाल्यावर. समेटाची वाक्येच तेवढी उचलून सभेत म्हणावयाची आणि भांडणाची गाळावयाची, ही आजची रीत त्या रचनेस अन्याय करणारी आहे. कारण सोळाव्या शतकातील त्या संवादाचे सारे बळ भांडण पुरते होऊ देण्यात आहे.

श्रीगोंद्याचे शेख महंमद हे यापुढचे उदाहरण. ‘योगसंग्राम’ या ग्रंथाचा हा कर्ता स्वतःस ‘अविंध’ म्हणवितो. ‘अविंध’ म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. संस्कृत ‘अविद्ध’चे हे रूप. शब्द हिंदूंनी दिलेला, बाहेरून दिलेला, आणि त्यात किंचित तुच्छताही असलेली. तो शब्द शेख महंमदांनी टाकून दिला नाही; आपल्या नावापुढे लावला आणि त्याच्याच शेजारी आपली भक्ती मांडली. कर्मकांडावरील त्यांची टीका हिंदू व मुसलमान दोघांच्याही वाट्यास येते. ‘अंबरहुसेनी’ ही गीतेवरील टीका लिहिणारे हुसेन अंबरखान, ‘सिद्धांतबोध’कर्ते शहामुनी यांची परंपरा रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ या ग्रंथात एकत्र मांडली, आणि यू. म. पठाण यांनी तिच्या अभ्यासात दीर्घ काळ घालविला. या दोघा अभ्यासकांचे ऋण मोठे आहे. तथापि या परंपरेचा सभासंमेलनांत जो उपयोग होतो तो निराळा. ‘पाहा, असेही मुसलमान होऊन गेले’ हे वाक्य कौतुकाचे खरे, पण त्यात हयात असलेल्यांविषयीची तक्रार दडलेली असते. शेख महंमदांनी काय लिहिले यापेक्षा त्यांनी ते मुसलमान असून लिहिले, याचेच मोल होते.

नागपूरकरांस या विषयात ताजुद्दीन बाबांचे नाव आठवणे साहजिक आहे. १८६१ मध्ये कामठीस जन्मलेल्या या फकिरास वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेले असता १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी सोडवून आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात आणले. कळमेश्वरास लागून असलेल्या सावनेर तालुक्यातील वाकी येथेही बाबांचा मुक्काम होता. १९२५ मध्ये त्यांचे निधन झाले. ताजबागेत आणि वाकीस आजही हिंदू भक्तांची दाटी असते, आणि सर्वधर्मसमभावाच्या व्याख्यानात या गर्दीचा दाखला हटकून येतो. पण त्याच वर्षांकडे दुसऱ्या बाजूने पाहिले पाहिजे. बाबा हयात असतानाच, १९२३ मध्ये, मशिदीवरून वाजत जाणाऱ्या दिंडीच्या निमित्ताने नागपुरात तेढ माजली. त्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १९२७ च्या सप्टेंबरात, शहरात मोठी दंगल झाली. दर्ग्यावर फूल वाहणारे हात आणि लाठी घेणारे हात एकच होते असे म्हणण्यास आधार नाही; परंतु एक दुसऱ्यास अडवू शकला नाही हे उघड आहे. सामायिक भक्तीने माणसे जवळ येतात, पण तीत कोणी कोणास काही विचारीत नाही. कोणाच्या कायद्यास, रूढीस, स्त्रियांच्या स्थितीस तेथे हात लागत नाही. म्हणून ती टिकते, आणि म्हणूनच प्रसंगी अपुरीही पडते.

हात लावण्याचे काम हमीद दलवाई यांनी केले. २९ सप्टेंबर १९३२ रोजी चिपळूणजवळील मिरजोळी या गावी त्यांचा जन्म झाला; तरुणपणी राष्ट्र सेवा दलाचा संस्कार झाला; पुढे अत्र्यांच्या ‘मराठा’त पत्रकारी झाली. ‘लाट’ हा कथासंग्रह १९६१ चा, ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ ची. त्यानंतर ललित लेखन जवळजवळ थांबले, आणि वैचारिक लेखन व चळवळ यांतच उरलेले आयुष्य गेले. ३ मे १९७७ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षात, मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार कोणताही धर्मविधी न करता देहाचे दहन झाले. ज्या पुरुषाचा शेवट असा, त्यास ‘मवाळ मुसलमान’ म्हणणाऱ्याने मराठी भाषेचा कोश पुन्हा उघडून पाहावा. दलवाई जहाल होते. ते धर्माचा नवा अर्थ लावीत नव्हते. धर्मग्रंथाच्या आधाराने नागरी जीवनाचे कायदे ठरू नयेत असे म्हणत होते. हे म्हणणे मुसलमान समाजास उद्देशून होते तसे हिंदू पुनरुज्जीवनवाद्यांसही होते. पण त्यांच्या वाचकांनी पहिला भाग टाळ्या वाजवून ऐकला आणि दुसऱ्याच्या वेळी घड्याळ पाहिले.

‘इंधन’चा विचार या दृष्टीने केला पाहिजे, कारण मराठी समीक्षेने या कादंबरीस बहुतेक एक सामाजिक दस्तऐवज म्हणून वाचले आहे. धर्मश्रद्धा सुटलेला एक मनुष्य पुष्कळ वर्षांनी कोकणातील आपल्या गावी परत येतो, एवढ्यावर तिची उभारणी आहे. गावात मुसलमान आहेत, कुळवाडी आहेत, नव्याने बौद्ध झालेले महार आहेत. या सर्वांमधील जमिनीचे व्यवहार, स्त्रीपुरुषांचे झाकलेले संबंध, मानपानाचे जुने हिशेब एकेक करून उघडे पडत जातात आणि शेवटी गाव पेटते. ‘इंधन’ हे नाव त्यासाठीच. धर्म येथे ठिणगी आहे. जळणारे लाकूड दुसरेच आहे, आणि ते फार दिवस वाळत पडलेले होते. निवेदन साधे, अलंकारांचा सोस नसलेले. निवेदक कोणाच्या बाजूने बोलत नाही असे नाही. त्यास बोलावयास बाजूच उरलेली नाही. तो गावाविषयी ‘आम्ही’ म्हणू शकत नाही, कारण गावाने ज्या श्रद्धेवर आपला ‘आम्ही’ बांधला ती त्याच्यापाशी नाही. आणि ‘आपण’ म्हणण्यास समोर कोणी नाही. एकट्या ‘मी’ची ही कादंबरी आहे. मराठी ग्रामीण कादंबरीत शहरातून परतणारा नायक नवा नव्हे, पण त्यास गावाने बहुधा सामावून घेतलेले असते किंवा त्याने तरी गावास सुधारलेले असते. येथे यांपैकी काहीच घडत नाही. ही कादंबरी ‘मुसलमान जीवनाचे प्रथमच घडलेले दर्शन’ म्हणून वाखाणण्यात तिचे हे खरे वेगळेपण झाकले गेले.

कादंबरीतील दलवाई आणि निबंधांतील दलवाई यांच्यात एक अंतर आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. ‘मुस्लिम जातीयतेचे स्वरूप : कारणे व उपाय’, ‘राष्ट्रीय एकात्मता आणि भारतीय मुसलमान’ ही शीर्षकेच पाहावीत. विषय तृतीयपुरुषात आहे. ‘भारतीय मुसलमान’ हे येथे अभ्यासाचे कर्म आहेत, वाक्याचा कर्ता नव्हेत. कादंबरीकाराने ज्या गावात जमीन, कूळकायदा, जात, वासना असे अनेक पदर पाहिले, त्याच गावातील मुसलमानाकडे निबंधकार पाहतो तेव्हा त्यास मुख्यतः विचारांचा इतिहास दिसतो. हिंदूंत राममोहन झाले, फुले झाले, आगरकर झाले; मुसलमान समाजात आत्मटीका करणारा असा वर्ग निर्माण झाला नाही, हे त्यांचे निदान आहे. त्यात तथ्य आहे. पण विणकर, बागवान, खाटीक, पिंजारी यांची जी बहुसंख्या तिचे जगणे त्या निदानात मावत नाही. ‘इंधन’ लिहिणाऱ्यास हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल?

त्यांनी आपल्या चळवळीस दिलेले नाव मात्र असामान्य सूचकतेचे आहे. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. याच शहरात १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापिला होता. फुल्यांनी महंमद पैगंबरांवर ‘मानव महंमद’ हा अखंड रचला होता, हेही या जागी लक्षात घेण्याजोगे आहे. अरबी-फारसीतून एखादे नाव घेता आले असते. इंग्रजी पद्धतीने ‘लिबरल’, ‘सेक्युलर’ असे काही योजता आले असते, आणि अ. भि. शहा यांच्या सहवासात तसे शब्द हाताशीही होते. त्याऐवजी दलवाईंनी मराठी मातीतला, ब्राह्मणेतर चळवळीच्या घामाचा वास असलेला शब्द उचलला. ‘मुस्लिम’ आणि ‘सत्यशोधक’ हे दोन शब्द शेजारी ठेवताच, हा मनुष्य पाहुणा नसून वारस आहे हे सिद्ध होते. ज्यांनी त्यांस ‘मवाळ’ म्हटले त्यांनी हे नाव नीट वाचले नाही.

नाव घेतले तरी कार्यपद्धती पुरती घेता आली नाही. फुल्यांच्या सत्यशोधकांनी पुरोहिताविना लग्न लावण्याची रीत दिली. पुढे जलसे उभे राहिले, शेतकऱ्याच्या बोलीत गाणी झाली. जुने मोडताना त्याच्या जागी काही ठेवण्याची ही दृष्टी होती. मुस्लिम सत्यशोधक मंडळाने तलाकपीडित स्त्रियांस आधार दिला, परिषदा भरविल्या, पत्रिका चालविली. परंतु मोहल्ल्यात गाता येईल असे गाणे त्यास मिळाले नाही. भाषेची अडचण येथे आडवी आली. कोकणातील मुसलमान घरी मराठीची बोली बोलतो. मराठवाड्यातील व विदर्भातील मुसलमानाचे घर बहुधा उर्दूचे किंवा दखनी-हिंदीचे. मुसलमानांनी प्रादेशिक भाषेतून शिकावे असा दलवाईंचा आग्रह होता व तो दूरदृष्टीचा होता, पण तो सफळ होईपर्यंत त्यांच्या मराठी पुस्तकांचा पहिला वाचक हिंदूच राहणार होता. नागपूर-कळमेश्वराकडील मुसलमानास त्यांची मते कळली ती पुष्कळदा त्यांच्या विरोधकांच्या उर्दूतून. मनुष्य स्वसमाजास जे सांगू इच्छितो ते समाजास शेजाऱ्याकडून कळावे, यासारखी सुधारकाची दुसरी अडचण नाही.

शाहीर अमर शेख यांची आठवण या ठिकाणी तुलनेसाठी करणे आवश्यक आहे. बार्शीचे हे मेहबूब हुसेन पटेल. गिरणी कामगारांत आणि संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात त्यांच्या आवाजाने लाखोंच्या सभा जिंकल्या. १९६९ मध्ये ते गेले. त्यांस कोणी ‘मवाळ मुसलमान’ म्हटले नाही, ‘राष्ट्रीय मुसलमान’ही म्हटले नाही. डफावर थाप पडली की गाणारा आणि ऐकणारे मिळून ‘आपण’ होत, व तो ‘आपण’ वर्गाचा व प्रांताचा होता. धर्माचा प्रश्न त्यांनी विचारला नाही म्हणून तो त्यांसही विचारला गेला नाही, असा आक्षेप यावर घेता येईल, आणि तो खोटा नाही. पण मराठी समाज मुसलमानास प्रमाणपत्र न मागताही ऐकू शकतो, एवढे त्यावरून निश्चित होते.

भारतीय विचारवंतांपैकी ज्यांस खऱ्या अर्थाने ‘नेमस्त’ म्हणता येईल ते दुसरे. माथेरानास जन्मलेले न्यायशास्त्रज्ञ आसफ फैजी, किंवा बोहरा समाजातील धर्मगुरूंच्या सत्तेशी झगडलेले असगर अली इंजिनियर, हे धर्माच्या आत राहून अर्थ लावणारे. दोघांनी लिहिले ते प्रामुख्याने इंग्रजीत. धर्माच्या आत राहणे म्हणजे सुरक्षित राहणे, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. इजिप्तमध्ये अली अब्दुल राजिक यांनी १९२५ मध्ये खिलाफत हे धर्माचे अंग नाही असे प्रतिपादले, तेव्हा अल अझहरच्या विद्वानांनी त्यांस आपल्या पंक्तीतून उठविले; सुदानात महमूद महंमद ताहा यांस जानेवारी १९८५ मध्ये फाशी दिले गेले. ‘मवाळ’ या शब्दाच्या मऊपणात या गोष्टी बसत नाहीत.

त्याच १९८५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाहबानो खटल्याचा निकाल दिला, आणि पुढील वर्षी संसदेने कायदा करून तो निष्फळ केला. निकालाच्या बाजूने मुस्लिम सत्यशोधक मंडळाने कोल्हापूर ते नागपूर असा तलाक मुक्ती मोर्चा काढला. सय्यदभाई यांच्यासारखे कार्यकर्ते त्या काळात पुढे होते. त्यांच्या आत्मकथनाचे ‘दगडावरची पेरणी’ हे नाव त्या काळच्या अनुभवावर वेगळे भाष्य करण्याची गरज ठेवीत नाही. विदर्भाच्या वाङ्मयीन नियतकालिकांनी या मोर्चाची दखल एक राजकीय बातमी म्हणून घेतली असेल-नसेल. मराठीतील एका वैचारिक परंपरेचे प्रकरण म्हणून ती घेतली गेल्याचे दिसत नाही.

दलवाईंवरील सर्वांत अभ्यासपूर्ण टीका पुढे मुसलमान मराठी लेखकांकडूनच झाली, हे शुभलक्षण होय. सोलापूरचे फक्रुद्दीन बेन्नूर हे संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्राचे अध्यापक होते. १९९० मध्ये सोलापुरास पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागील प्रमुख प्रेरणांपैकी ते एक. ‘भारतीय मुसलमानांची मानसिकता आणि सामाजिक संरचना’ या त्यांच्या ग्रंथाचा भर, मुसलमान समाज एकजिनसी नसून जातींत व व्यवसायांत विभागलेला आहे, यावर आहे. दखनी संस्कृतीचा सामायिक वारसाही त्यांनी आग्रहाने मांडला. निबंधकार दलवाईंनी जे गाळले ते बेन्नूरांनी भरून काढले, असे म्हणता येईल. गमतीची गोष्ट अशी की, बेन्नूरांचा हा मुसलमान ‘इंधन’मधील गावात चांगला शोभला असता. तथापि बेन्नूरांच्या मांडणीत घराच्या आतील बाजू, म्हणजे स्त्रीची बाजू, दलवाईंइतक्या कठोरपणे उजेडात येत नाही. समाजावर बाहेरून आघात होत असता आतील दोष दाखवावयाचे की नाही, ही जुनी पेचाची जागा आहे. बेन्नूर २०१८ मध्ये वारले, आणि पेच सुटलेला नाही.

तो सोडविण्याचा प्रयत्न ज्यांनी केला त्या बहुतेक स्त्रिया. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानमंडळावर दलवाईंनी जो मोर्चा नेला त्यात स्त्रिया होत्या अवघ्या सात. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांस समान नागरी कायदा द्या, ही त्यांची मागणी. सातच म्हणून त्या वेळी हसणारे पुष्कळ होते. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमातील तिहेरी तलाक रद्द ठरविला. त्या खटल्यात शायरा बानो यांच्यासह अर्ज करणाऱ्यांत भारतीय मुस्लिम महिला आंदोलनही होते. याच संघटनेच्या दोघी कार्यकर्त्यांच्या अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यात स्त्रियांस प्रवेश खुला केला होता. या स्त्रियांची भूमिका दलवाईंची नव्हे. त्या कुराण स्वतः वाचून त्यातूनच समतेचा हक्क मागतात. पण त्यांच्या बोलण्यात कर्तृपद त्यांचे आहे. २०१९ मध्ये तिहेरी तलाक शिक्षापात्र करणारा कायदा झाला. त्यावरील मराठी वृत्तपत्रीय चर्चा आठवून पाहिली म्हणजे जाणवते ते असे की, १९६६ मध्ये जी मागणी ‘आम्हांला’ अशी होती ती आता ‘त्यांच्या बायकांना’ अशी झाली होती. कायद्याचे गुणदोष हा निराळा विषय. सर्वनाम बदलले हे मात्र कानास कळते.

मेहरुन्निसा दलवाई यांच्या ‘मी भरून पावले आहे’ या आत्मकथनाकडे मराठी समीक्षेने पुन्हा वळावे ते याच कारणासाठी. हमीद दलवाईंच्या मागे मंडळाचा भार वाहणाऱ्या या बाईंची घरची भाषा उर्दू. मराठी त्यांनी संसारातून व चळवळीतून उचलली, आणि तिच्यात पुस्तक झाले. ते सामान्यतः पतीच्या चरित्राचे साधन म्हणून वाचले जाते, जसे ‘इंधन’ दस्तऐवज म्हणून. पण शीर्षकच पाहावे : ते ‘मी’ने सुरू होते. दलवाईंच्या निबंधांतील ‘भारतीय मुसलमान’ किंवा बेन्नूरांची ‘सामाजिक संरचना’ येथे नाही. नवरा, मुली, पोटाची नोकरी, नातलगांचा रोष, आजारपण आणि दाराशी येणाऱ्या टाकलेल्या बायका आहेत. ‘भरून पावणे’ या वाक्प्रचाराचे मराठीत दोन अर्थ आहेत. सर्व काही मिळाले, आता मागणे उरले नाही, हा एक; आणि पुरे झाले, आता नको, हा उपरोधाचा दुसरा. मूळ मराठी बोलणारासही या दोहोंतील तोल सांभाळणे कठीण जाते. पुस्तकात पहिलाच अर्थ अभिप्रेत आहे याविषयी शंका नाही. तरीही वाचताना अनेक ठिकाणी दुसरा ऐकू येतो, आणि तो बाईंनी पुसून टाकलेला नाही.